५८३ मालिका (जपानी राष्ट्रीय रेल्वे)

५८३ मालिका ही जपानी राष्ट्रीय रेल्वेने अतिजलद सेवेसाठी बांधलेली आणि आता निवृत्त झालेली विद्युत प्रवासी गाडी आहे. दिवसा बसून आणि रात्री झोपून प्रवास करता येईल, असे तिचे डबे होते. १९६७ साली आलेली ५८१ मालिका आणि १९६८ पासून बांधलेली ५८३ मालिका यांची रचना जवळजवळ सारखी असल्यामुळे दोन्हींचा उल्लेख बहुधा एकत्रच केला जातो. १९६७ ते १९७२ या काळात दोन्ही मालिकांचे मिळून ४३४ डबे बांधले गेले. शयनव्यवस्था असलेली, नियमित आणि मोठ्या प्रमाणावर वापरली गेलेली ही जगातील पहिली विद्युत गाडी मानली जाते. या मालिकेच्या अखेरच्या गाडीने एप्रिल २०१७ मध्ये सेवेचा निरोप घेतला.

थोडक्यात माहिती

* निर्मितीचा काळ : १९६७ ते १९७२
* एकूण डबे : ४३४
* रुळांमधील अंतर : १,०६७ मिलिमीटर
* कमाल वेग : ताशी १२० किलोमीटर
* विद्युतपुरवठा : १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाह, २०,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाह (५८१ मालिका फक्त ६० हर्ट्झ, ५८३ मालिका ५० व ६० हर्ट्झ)
* कर्षण मोटर : प्रत्येकी १२० किलोवॅट
* सेवेचा काळ : १९६७ ते २०१७

== नाव व वर्गीकरण ==

जपानी राष्ट्रीय रेल्वेच्या क्रमांकपद्धतीत तीन आकड्यांतून गाडीचे स्वरूप कळते. ‘५८३’ मधील पहिला ५ हा आकडा गाडी एकदिश आणि प्रत्यावर्ती अशा दोन्ही प्रवाहांवर चालते, असे सांगतो. मधला ८ अतिजलद सेवेचा निदर्शक आहे. शेवटचा आकडा त्या वर्गातील क्रम दाखवतो.

प्रत्येक डब्याला स्वतंत्र संज्ञा असते आणि ती जपानी अक्षरांच्या जोडणीतून तयार होते. ‘कु’ म्हणजे चालककक्ष असलेला डबा, ‘मो’ म्हणजे मोटर असलेला डबा आणि ‘सा’ म्हणजे मोटर व चालककक्ष दोन्ही नसलेला डबा. ‘हा’ हे अक्षर सामान्य वर्ग, ‘रो’ वरचा वर्ग, ‘ने’ शयनव्यवस्था आणि ‘शि’ भोजनयान दर्शवते. त्यामुळे ‘कुहाने ५८१’ हा चालककक्ष असलेला सामान्य वर्गाचा शयन डबा, ‘मोहाने ५८३’ हा मोटर असलेला तसाच डबा आणि ‘साशि ५८१’ हे भोजनयान होय.

पहिल्या सेवेच्या नावावरून जपानी रेल्वेप्रेमी या गाडीला ‘गेक्को धाटणीची गाडी’ असेही म्हणत. गेक्को म्हणजे चांदणे.

== पार्श्वभूमी ==

१ ऑक्टोबर १९६४ रोजी तोक्यो आणि शिन-ओसाका या स्थानकांमध्ये तोकाइदो शिंकानसेन ही द्रुतगती रेल्वे सुरू झाली. तोक्योहून पश्चिमेकडे जाणारे प्रवासी शिंकानसेनने शिन-ओसाकापर्यंत येत आणि पुढे क्यूशू बेटाकडे जाणाऱ्या अतिजलद गाड्यांत बसत. त्यामुळे ओसाकाच्या पश्चिमेकडील मार्गांवर दिवसाच्या आणि रात्रीच्या, अशा दोन्ही गाड्यांची मागणी झपाट्याने वाढली.

मागणी वाढली तरी गाड्या उभ्या करण्याची जागा वाढली नव्हती. दिवसाची गाडी रात्रभर आणि रात्रीची गाडी दिवसभर कारशेडमध्ये उभी राही. मोठ्या शहरांजवळ नवीन कारशेडसाठी जमीन मिळणे कठीण होते, शिवाय ती महागही होती. यातून निघालेला विचार साधा होता. एकच गाडी दिवसा आसनांची आणि रात्री बर्थची म्हणून चालवता आली, तर ती जवळजवळ सतत धावत राहील, कमी डब्यांत जास्त फेऱ्या होतील आणि उभ्या गाड्यांसाठी जागाही कमी लागेल.

त्या काळी जपानमधील रात्रीच्या अतिजलद गाड्या इंजिनाने ओढल्या जात. इंजिन नसलेल्या आणि डब्यांखाली मोटर असलेल्या गाड्यांना तुलनेने लवकर वेग घेता येतो. शेवटच्या स्थानकावर इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडण्याची गरजही त्यांना नसते. मात्र मोटरचा आवाज आणि कंपने झोपेच्या आड येतील, ही शंका होती. कंप शोषून घेणाऱ्या, हवेच्या पिशव्या बसवलेल्या बोगी वापरून आणि डब्यांची अंतर्रचना काळजीपूर्वक करून ही अडचण बऱ्याच अंशी दूर करण्यात आली.

== रचना ==

=== आसन आणि बर्थ ===

गाडीचे मुख्य वैशिष्ट्य तिच्या अंतर्रचनेत होते. डब्याच्या मधोमध लांबीच्या दिशेने जाण्या-येण्याची वाट होती. तिच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर तोंड असलेली, प्रत्येकी दोन प्रवाशांची आसने होती. अशा रीतीने एका कप्प्यात दिवसा चार प्रवासी बसत. रात्री समोरासमोरची दोन्ही आसने पुढे ओढून एकमेकांना जोडली की खालचा बर्थ तयार होई. मधला आणि वरचा बर्थ दिवसा खिडकीच्या वर, छताजवळच्या पोकळीत दुमडून ठेवलेले असत. रात्री ते खाली उतरवले जात. म्हणजे दिवसाचे चार प्रवासी ज्या जागेत बसत, तेथे रात्री तीन प्रवासी झोपत. हा बदल प्रवाशांना स्वतः करावा लागत नसे. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात तो कर्मचारी करीत.

बर्थ गाडीच्या लांबीला समांतर, खिडकीलगत होते. त्यामुळे त्यांना चांगली रुंदी मिळाली. त्या काळातील इंजिनाने ओढल्या जाणाऱ्या गाड्यांत सामान्य शयनवर्गाचा बर्थ ५२ सेंटिमीटर रुंद असे. या गाडीत मधला आणि वरचा बर्थ ७० सेंटिमीटर, तर खालचा बर्थ तब्बल १०६ सेंटिमीटर रुंद होता. खालच्या प्रवाशाला मोठी खिडकीही मिळे. मधल्या आणि वरच्या बर्थवरील प्रवाशांना बाहेर पाहता यावे म्हणून डब्याच्या बाजूला स्वतंत्र छोट्या खिडक्या होत्या. त्यामुळे ही गाडी बाहेरूनही सहज ओळखू येई. बर्थनुसार भाड्यातही फरक असे.

एकावर एक तीन बर्थ बसवायचे असल्यामुळे डबे शक्य तितके उंच करण्यात आले होते. तरीही प्रत्येक बर्थला मिळणारी उंची बेताचीच होती आणि वरच्या दोन बर्थवर ताठ बसता येत नसे. याला एक अपवाद होता. पेंटोग्राफ बसवण्यासाठी मोटर असलेल्या काही डब्यांचे छत एका भागात खाली घ्यावे लागले होते. तेथे तिसरा बर्थ मावत नसल्यामुळे दोनच बर्थ होते. त्यांपैकी मधल्या बर्थवर डोक्याच्या वर नेहमीपेक्षा जास्त मोकळी जागा मिळे, पण भाडे मात्र मधल्या बर्थचेच लागे. जाणकार प्रवासी आरक्षण करताना ही जागा आवर्जून मागून घेत.

=== विद्युत यंत्रणा ===

जपानमधील लोहमार्गांना एकाच प्रकारचा विद्युतपुरवठा नाही. तोकाइदो आणि सान्यो मुख्य मार्गांवर १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाह आहे. क्यूशू, होकुरिकू आणि तोहोकू भागांतील मुख्य मार्गांचे विद्युतीकरण प्रामुख्याने २०,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहावर झाले. शिवाय देशाच्या पश्चिम भागातील वीज ६० हर्ट्झची, तर पूर्व भागातील ५० हर्ट्झची आहे. विजेच्या पहिल्या यंत्रांची आयात पश्चिमेकडे अमेरिकेतून आणि पूर्वेकडे जर्मनीतून झाली, त्याचा हा परिणाम होय.

५८१ मालिका एकदिश प्रवाह आणि ६० हर्ट्झचा प्रत्यावर्ती प्रवाह यांवर चाले. त्यामुळे ती ओसाकाहून क्यूशूपर्यंत जाऊ शके, पण ईशान्येकडील तोहोकू भागात चालू शकत नसे. ५८३ मालिकेत दोन्ही वारंवारतांवर चालणारे रोहित्र बसवण्यात आले. त्यानंतर देशाच्या विद्युतीकरण झालेल्या बहुतेक मुख्य मार्गांवर ही गाडी चालवणे शक्य झाले. मोटर असलेले डबे दोन-दोनच्या जोडीने काम करीत. एका डब्यावर पेंटोग्राफ, रोहित्र आणि एकदिशकारक असे, तर दुसऱ्यावर वेगनियंत्रणाची यंत्रणा. दोन विद्युतपद्धतींच्या सीमेवर तारेचा काही भाग वीजरहित ठेवलेला असे. गाडी तो भाग आपल्या गतीवर पार करी आणि त्या अवधीत चालक यंत्रणा एका पद्धतीवरून दुसरीवर नेई.

=== दर्शनी भाग आणि रंग ===

त्याआधीच्या जपानी अतिजलद विद्युत गाड्यांना पुढे आलेले लांब नाक असे. ५८१ मालिकेत त्याऐवजी उभट दर्शनी भाग देण्यात आला आणि त्याच्या मध्यभागी दार ठेवण्यात आले. दोन गाड्या एकमेकींना जोडल्यास या दारातून ये-जा करता यावी, हा त्यामागील हेतू होता. चालककक्ष उंचावर होता. प्रवासात हे दार फारसे उपयोगात आले नाही. पण दर्शनी भागाची ही घडण पुढे ४८५ आणि १८३ मालिकांच्या काही डब्यांसाठी वापरली गेली आणि जपानी अतिजलद गाड्यांची ओळखच होऊन बसली.

सुरुवातीच्या ‘कुहाने ५८१’ डब्यात गाडीला वीज पुरवणारे यंत्र चालककक्षाच्या मागील खोलीत होते. १९७० साली आलेल्या ‘कुहाने ५८३’ डब्यात ते यंत्र डब्याखाली हलवण्यात आले आणि मोकळ्या झालेल्या जागेत प्रवाशांची सोय झाली.

गाडीचा रंग फिकट पिवळसर आणि त्यावर निळे पट्टे असा होता. दिवसाच्या अतिजलद गाड्या त्या काळी पिवळसर आणि लाल रंगाच्या असत, तर रात्रीच्या गाड्या निळ्या. या गाडीने रात्रीच्या गाड्यांचा निळा रंग घेतला.

१९६८ साली जपानच्या रेल्वेप्रेमी संघटनेने ५८१ मालिकेला आपला निळ्या फितीचा वार्षिक पुरस्कार दिला.

== सेवेचा इतिहास ==

=== ओसाका ते क्यूशू ===

१ ऑक्टोबर १९६७ रोजी ५८१ मालिकेच्या दोन सेवा सुरू झाल्या. शिन-ओसाका ते हाकाता ही रात्रीची ‘गेक्को’ आणि शिन-ओसाका ते ओइता ही दिवसाची ‘मिदोरी’. रात्री प्रवाशांना घेऊन आलेली गाडी बर्थ दुमडून दिवसाच्या फेरीला निघे आणि दिवसाची फेरी संपली की पुन्हा रात्रीच्या सेवेसाठी सज्ज होई. फुकुओकाजवळचे मिनामी-फुकुओका हे या गाड्यांचे मुख्य कारशेड होते.

१९६८ पासून नागोया ते हाकाता ‘किन्सेई’ ही रात्रीची सेवाही या गाडीने सुरू झाली. पुढे ‘म्योजो’ आणि ‘सुइसेई’ यांसारख्या क्यूशूच्या दक्षिण भागाकडे जाणाऱ्या सेवा वाढल्या. या गाड्यांची नावे आकाशाशी संबंधित होती. किन्सेई आणि म्योजो ही दोन्ही शुक्राची नावे, तर सुइसेई म्हणजे धूमकेतू.

=== तोक्यो ते आओमोरी ===

१९६८ साली तोहोकू मुख्य मार्गाचे विद्युतीकरण आणि दुहेरीकरण पूर्ण झाले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरच्या नव्या वेळापत्रकापासून तोक्योतील उएनो स्थानक ते आओमोरी यांदरम्यान ५८३ मालिका धावू लागली. दिवसा ती ‘हात्सुकारी’ या नावाने जाई, तर रात्री तोहोकू मार्गाने ‘हाकुत्सुरू’ आणि जोबान मार्गाने ‘युझुरू’ या नावांनी. इथली नावे पक्ष्यांवरून घेतलेली होती. हात्सुकारी म्हणजे हंगामात पहिल्यांदा येणारे रानहंस, हाकुत्सुरू म्हणजे पांढरा क्रौंच आणि युझुरू म्हणजे सांजवेळचा क्रौंच.

उएनो ते आओमोरी हे सुमारे ७३५ किलोमीटरचे अंतर ‘हात्सुकारी’ सुमारे साडेआठ तासांत पार करू लागली. आओमोरीला उतरलेले प्रवासी फेरीबोटीने सामुद्रधुनी ओलांडून होक्काइदो बेटावरील हाकोदातेला जात. राजधानी आणि उत्तर जपान यांना जोडणाऱ्या या मार्गावर १२ ते १३ डब्यांच्या लांब गाड्या चालवूनही सणासुदीला जागा अपुऱ्या पडत.

== मर्यादा आणि उतरती कळा ==

गाडीमागील कल्पना हिशेबाला चोख असली, तरी काळ पुढे गेला तसे तिचे दोष दिसू लागले. त्यांतील बहुतेक दोष एका डब्याकडून दोन कामे करून घेण्यातूनच निर्माण झाले होते.

पहिला दोष दिवसाच्या प्रवासातला. ४८५ मालिकेसारख्या अतिजलद गाड्यांत प्रवासाच्या दिशेला वळवता येणारी आसने असत. ५८३ मालिकेत आसनांचे बर्थमध्ये रूपांतर होणार असल्यामुळे ती समोरासमोर पक्की बसवलेली होती. पाय पसरायला भरपूर जागा असली, तरी निम्म्या प्रवाशांना उलट्या दिशेने आणि अनोळखी माणसांच्या समोर तासन्‌तास बसावे लागे. अतिजलद गाडीचेच भाडे देऊन ही आसनव्यवस्था मिळते, याबद्दल तक्रारी होऊ लागल्या.

दुसरा दोष रात्रीचा. १९६७ साली जे बर्थ प्रशस्त वाटले, ते काही वर्षांतच मागे पडले. १९७४ पासून इंजिनाने ओढल्या जाणाऱ्या नव्या शयन गाड्यांत सामान्य वर्गालाही तीनऐवजी दोनच स्तर मिळू लागले. ५८३ मालिकेत तसा बदल केला असता, तर प्रवासीसंख्या एक तृतीयांशाने घटली असती. तिसरी अडचण देखभालीची होती. गाडी रात्रंदिवस धावत असल्यामुळे दुरुस्तीला वेळ कमी मिळे आणि डबे लवकर झिजत.

मात्र निर्णायक धक्का दिला तो शिंकानसेननेच. १० मार्च १९७५ रोजी सान्यो शिंकानसेन हाकातापर्यंत पोहोचली आणि ओसाका ते क्यूशू या मार्गावरील दिवसाच्या अतिजलद गाड्या बंद झाल्या. दिवसाचे कामच उरले नाही आणि दोन्ही कामे करू शकणारी गाडी केवळ रात्रीची गाडी बनली. रात्रीचे प्रवासीही विमानाकडे आणि शिंकानसेनकडे वळत होते. १९८२ साली तोहोकू शिंकानसेन मोरिओकापर्यंत सुरू झाल्यावर ‘हात्सुकारी’ मोरिओका ते आओमोरी एवढ्याच टप्प्यात धावू लागली. १९८४ साली क्यूशूकडील नियमित सेवांतूनही ही गाडी बाहेर पडली. ज्या शिंकानसेनच्या प्रवाशांसाठी ती जन्माला आली, तिच्याच विस्ताराने तिचे प्रयोजन संपवले.

== ७१५ आणि ४१९ मालिकांत रूपांतर ==

जपानी राष्ट्रीय रेल्वे या सुमारास मोठ्या तोट्यात होती. प्रादेशिक शहरांभोवती कमी डब्यांच्या लोकल गाड्या वरचेवर सोडण्याचे धोरण ठरले, पण नव्या गाड्या घेण्यासाठी पैसा नव्हता. दुसरीकडे वय झालेले नसूनही काम नसलेले ५८३ मालिकेचे डबे पडून होते. त्यांचेच लोकल गाड्यांत रूपांतर करण्यात आले.

* ७१५ मालिका : १९८४ पासून क्यूशूतील नागासाकी आणि सासेबो मार्गांसाठी ४८ डबे
* ७१५ मालिका, १००० उपमालिका : १९८५ पासून सेंदाई परिसरासाठी ६० डबे
* ४१९ मालिका : १९८५ पासून होकुरिकू भागासाठी ४५ डबे

लांब गाड्यांमधील मधले डबे जास्त आणि चालककक्षाचे डबे कमी होते. त्यामुळे अनेक मधल्या डब्यांचे टोक कापून तेथे सपाट चालककक्ष बसवण्यात आला. उंच, चौकोनी आणि सपाट तोंडाच्या या डब्यांना लोक गमतीने पावाचा तुकडा म्हणत. डब्यांना आणखी एक दार देण्यात आले आणि दारांजवळची आसने भिंतीलगत लावण्यात आली. मात्र खर्च वाचवण्यासाठी दुमडलेले वरचे बर्थ काढलेच नाहीत. ते फक्त कायमचे बंद केले. त्यामुळे शाळेला किंवा कामाला जाणारे प्रवासी अनेक वर्षे वापरात नसलेल्या बर्थखाली बसून प्रवास करीत राहिले. दारे अरुंद राहिल्यामुळे गर्दीच्या वेळी चढ-उतार रेंगाळे.

हे रूपांतर तात्पुरत्या सोयीसाठी होते. प्रत्यक्षात ७१५ मालिका १९९० च्या दशकात निघाली, तर ४१९ मालिका मार्च २०११ पर्यंत, म्हणजे २६ वर्षे धावली.

== खासगीकरणानंतर ==

१ एप्रिल १९८७ रोजी जपानी राष्ट्रीय रेल्वेचे विभाजन आणि खासगीकरण झाले. उरलेल्या गाड्या पूर्व जपान रेल्वे कंपनी आणि पश्चिम जपान रेल्वे कंपनी यांच्याकडे गेल्या.

पूर्वेकडे ‘हाकुत्सुरू’ १९९४ पर्यंत या गाडीने चालली. त्यानंतर ती हंगामी आणि विशेष फेऱ्यांसाठी वापरली गेली. हिवाळ्यात स्कीइंगला जाणारे प्रवासी, नारा प्रांतातील तेनरी येथे जाणारे यात्रेकरू आणि तोक्योजवळील डिस्नेलँडला जाणारी कुटुंबे यांच्यासाठी रात्रभर प्रवास करणारी ही गाडी सोयीची होती.

पश्चिमेकडे ओसाका ते नीगाता ही ‘कितागुनी’ नावाची रात्रीची द्रुतगती सेवा १९८५ पासून ५८३ मालिकेने चालवली जात होती. या गाडीत अनारक्षित आसने, वरच्या वर्गाची आसने, तीन स्तरांचे बर्थ आणि दोन स्तरांचे वरच्या वर्गाचे बर्थ असे चारही प्रकार एकत्र होते. दोन स्तरांचे डबे जुन्या डब्यांत बदल करून तयार केले होते. पहाटे होकुरिकूच्या शहरांत पोहोचण्यासाठी आसनांवर बसून जाणारे प्रवासी आणि नीगातापर्यंत झोपून जाणारे प्रवासी एकाच गाडीत असत. मूळ कल्पनेतील आसन आणि बर्थ हे दोन्ही उपयोग अशा रीतीने एकाच रात्री शेजारी-शेजारी आले. मार्च २०१२ मध्ये ‘कितागुनी’ हंगामी करण्यात आली आणि जानेवारी २०१३ मध्ये ती थांबली.

शेवटची सहा डब्यांची गाडी सेंदाईहून अकिताच्या कारशेडमध्ये हलवण्यात आली होती. ८ एप्रिल २०१७ रोजी तिची अखेरची प्रवासी फेरी झाली आणि पन्नास वर्षांची सेवा संपुष्टात आली.

== जतन ==

* क्योतो रेल्वे संग्रहालयात ‘कुहाने ५८१-३५’ हा डबा प्रदर्शनात आहे.
* मोजी येथील क्यूशू रेल्वे इतिहास संग्रहालयात ‘कुहा ७१५-१’ हा डबा ठेवलेला आहे. ‘कुहाने ५८१-८’ या डब्यापासून तो तयार झाला होता. मूळचा शयन डबा आणि नंतरची लोकल, अशा दोन्ही अवस्थांच्या खुणा त्यात पाहता येतात.
* निवृत्तीनंतर काही डबे तैवानमधील रेल्वे संग्रहालयासाठी देण्यात आले.

== वारसा ==

५८३ मालिकेनंतर जपानमध्ये शयनव्यवस्थेची नवी विद्युत गाडी येण्यास तीन दशके लागली. १९९८ साली आलेली २८५ मालिका ‘सनराइज सेतो’ आणि ‘सनराइज इझुमो’ या सेवांसाठी वापरली जाते. तिने ५८३ मालिकेकडून इंजिनाशिवाय धावणाऱ्या शयन गाडीची कल्पना घेतली, पण डब्याचे दिवस-रात्र रूप बदलण्याची कल्पना सोडून दिली. तिच्यात प्रामुख्याने स्वतंत्र कक्ष आहेत आणि ती केवळ रात्रीच्याच प्रवासासाठी आहे.

रेल्वेच्या इतिहासात ५८३ मालिकेचे स्थान दुहेरी आहे. अपुरी जमीन, अपुरे डबे आणि वाढती गर्दी या प्रश्नांना तिने काही वर्षे परिणामकारक उत्तर दिले. परंतु आसन आणि बर्थ या दोन्ही सोयी एकाच डब्यात बसवताना दोन्हींत तडजोड करावी लागली आणि प्रवाशांच्या अपेक्षा वाढताच ती तडजोड जाणवू लागली. एका विशिष्ट काळाच्या गरजेशी घट्ट जुळवलेले यंत्र ती गरज सरल्यावर कसे अडचणीत येते आणि तरीही नव्या कामाला जुंपले जाऊन किती काळ उपयोगी पडू शकते, याचे ही गाडी हे बोलके उदाहरण आहे.